विश्लेषण : वारजेची टेकडी खरेच ‘उजाड’ होती का?

केंद्र सरकारने ५ जून २०२० रोजी देशभरात २०० नगरवने उभारण्याची योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून वारजेच्या वनाचे नाव पुढे आले. १६.८ हेक्टरची उजाड टेकडी लोकसहभागातून हिरवी झाली, असे सांगण्यात आले. पण झाडे कमी म्हणजे टेकडी उजाड, हे गणित पुण्याच्या निसर्गेतिहासात बसत नाही.

हिमयुगात येथे काय होते?
शेवटच्या हिमयुगात मोसमी पाऊस क्षीण झाला होता. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी आणि नक्षीदार तुकडे मिळाले. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. शहामृग हा मोकळ्या माळावरचा पक्षी. तो भारतातून नामशेष झाला. माळावरचा लांडगा मात्र टिकला. २०२१मधील जनुकीय अभ्यासानुसार, भारतीय लांडगा हा जगातील लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशांपैकी एक आहे. सासवड परिसरात तो आजही आढळतो.

माळरान म्हणजे तोडलेले जंगल?
नेहमीच तसे नसते. पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या मराठी कथा-गीतांतील झाडांच्या उल्लेखांवरून संशोधकांनी २०२५मध्ये दाखवून दिले, की येथील माळराने किमान ७५० वर्षे जुनी आहेत. बाभूळ, पळस ही त्यांचीच झाडे.

ग्लिरिसिडिया कुठून आला?
हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचे. ते झपाट्याने वाढते, कमी पाण्यावर तगते, फांदी रोवली तरी फुटते. म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर ते मोठ्या प्रमाणात लावले गेले. टेकड्या हिरव्या दिसू लागल्या; पण त्याच्या दाट सावलीत उन्हाचे गवत टिकत नाही. गवत गेले, की जमिनीवर घरटे करणाऱ्या चंडोलासारख्या पक्ष्यांचा आसराही जातो.

मग वारजेत काय साधले?
वारजेत देशी झाडांवर भर दिला गेला. सरकारी माहितीनुसार तेथे वनस्पतींच्या २३, पक्ष्यांच्या २९, फुलपाखरांच्या १५, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या १० आणि सस्तन प्राण्यांच्या ३ प्रजाती आहेत. वस्तीने वेढलेल्या टेकडीसाठी ही जमेची बाजू आहे. मात्र, हाच नमुना प्रत्येक माळावर राबवणे धोक्याचे. खड्डे खणण्याआधी तेथे मूळचे गवत आणि त्यावर जगणारे जीव आहेत का, याची नोंद व्हायला हवी. रोपे नंतरही लावता येतात. हजारो वर्षांचे माळरान पुन्हा लावता येत नाही.