खाने आखणारा माणूस हवा आहे

पुण्यात सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्या कुणाशीही दहा मिनिटे बोला, ‘माणसं मिळत नाहीत हो’ हे वाक्य येतेच. त्याच संध्याकाळी पदवी घेऊन घरी बसलेल्या इंजिनिअर मुलाच्या वडिलांशी बोला, ते विचारतील, ‘कुठं आहेत नोकऱ्या?’ दोघेही खरेच बोलत असतात. कोड लिहिणारे हात आज मुबलक आहेत. एखाद्या व्यवहाराकडे पाहून त्याची नोंद किती तक्त्यांत, कोणत्या खान्यांत, कशाच्या आधाराने ठेवायची हे ठरवणारे डोके मात्र दुर्मीळ आहे. आणि ते ओळखायची आपल्या मुलाखतींना सवयच नाही. डेटाबेसची रचना आणि नोकरभरती हे दोन विषय म्हणूनच मी एकाच लेखात घेतो आहे.

आधी थोडा इतिहास. १९६० च्या दशकात माहिती साठवायची म्हणजे ती झाडाच्या फांद्यांसारखी एकाखाली एक लावायची. आयबीएमची आयएमएस ही प्रणाली याच घाटाची. अपोलो मोहिमेतल्या सॅटर्न अग्निबाणाच्या सुट्या भागांची यादी सांभाळायला ती बांधली गेली. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाखमन यांनी नोंदी एकमेकींना जोडणारी दुसरी पद्धत आणली आणि १९७३ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. दोन्ही पद्धतींत प्रोग्रामरला माहितीच्या जंगलातून वाट काढत हव्या त्या नोंदीपर्यंत पोचावे लागे. वाट बदलली की प्रोग्राम मोडला.

एडगर कॉड हा मूळचा इंग्रज गणिती आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत होता. १९७० साली त्याने एक निबंध छापला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, काय हवे ते सांगा, कसे शोधायचे ते यंत्रावर सोडा, असे त्याचे म्हणणे. आयएमएस चांगला पैसा मिळवून देत होती, त्यामुळे आयबीएमने या कल्पनेचे स्वागत जरा थंडपणेच केले. तरी त्याच प्रयोगशाळेत डॉन चेंबरलिन आणि रे बॉइस यांनी आज आपण जिला एसक्यूएल म्हणतो ती भाषा घडवली. बॉइस १९७४ सालीच, अगदी तरुण वयात वारला. बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या गटाने इंग्रेस उभी केली आणि पुढे त्याच घराण्यातून पोस्टग्रेस आली. कॉडची कल्पना बाजारात आणण्यात आयबीएमला मागे टाकले ते लॅरी एलिसनच्या छोट्या कंपनीने. तिच्या ऑरॅकलची पहिली विक्रीयोग्य आवृत्ती १९७९ ची.

या कथेत आपली माणसेही आहेत. वीज गेली, यंत्र मध्येच बंद पडले तरी अर्धवट व्यवहार पूर्ववत कसा करायचा, याची एरीज नावाची पद्धत आयबीएममधल्या सी. मोहन यांनी सहकाऱ्यांसह १९९२ साली मांडली. जगभर शिकवल्या जाणाऱ्या दोन क्रमिक पुस्तकांपैकी एकाचे सहलेखक एस. सुदर्शन आयआयटी मुंबईत शिकवतात, दुसऱ्याचे सहलेखक जॉर्जिया टेकचे शामकांत नवाथे. पुण्यात १९९० साली पर्सिस्टंट काढणारे आनंद देशपांडे डेटाबेसच्याच अभ्यासातून आलेले. म्हणजे विद्या परकी नाही. ती रोजच्या कामात का दिसत नाही, हा प्रश्न आहे.

डेटाबेस रचनेचा सल्ला मागायला गेलात तर बहुतेक जण नॉर्मल फॉर्मची एकेक पायरी सांगतील. त्याचे सार एवढेच की एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. तत्त्व बरोबर आहे. पण परीक्षेतला ‘विद्यार्थी, विषय, शिक्षक’ हा गुळगुळीत नमुना गिरवून ते अंगात मुरत नाही. मला विचाराल तर महाराष्ट्रात याचा सर्वांत चांगला धडा महसूल खात्याच्या दप्तरात आहे.

गाव नमुना सात म्हणजे जमिनीचा अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही मिळून सातबारा. तो आजची स्थिती सांगतो. ही स्थिती कशी आली ते गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही सांगते: खरेदी, वारस, वाटणी, बोजा, प्रत्येक बदलाला क्रमांक. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्यावर अंमल होतो. आठ-अ मध्ये तीच माहिती जमिनीऐवजी खातेदाराप्रमाणे लावलेली असते. संगणकवाल्यांच्या भाषेत सहा नंबर म्हणजे व्यवहारांचा लॉग, सात म्हणजे चालू अवस्था, आठ-अ म्हणजे दुसऱ्या कीवरचा इंडेक्स. जुने नाव कमी करायचे तर तलाठी ते खोडत नसे, त्याला कंस करी. आजचे प्रोग्रामर ज्याला सॉफ्ट डिलीट म्हणतात ते कागदावर होते ते हेच, आणि कंसाशेजारच्या फेरफार क्रमांकामुळे नाव का गेले हेही कळत होते. हल्लीच्या किती सॉफ्टवेअरमध्ये एवढे तरी कळते?

पण हेच दप्तर संगणकात घालताना काय काय आडवे येते तेही पाहण्यासारखे आहे. जुन्या नोंदीत क्षेत्र एकर-गुंठ्यात असते. १.२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, अर्थात दीड एकर. नवख्या प्रोग्रामरने तो खाना दशांश अपूर्णांकाचा केला की तो १.२ एकर होतो आणि शेतकऱ्याचे बारा गुंठे जागच्या जागी गडप. ०.३० आणि ०.२० यांची बेरीज तिथे ०.५० नसते, १.१० असते. हेक्टर-आरच्या नव्या नोंदीत तोच १.२० आकडा वेगळाच अर्थ सांगतो. पुढे नावापाशी ए.कु.मॅ. असे लिहिलेले असते, म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता. त्या एका ओळीत नेमकी किती माणसे आहेत? गटाचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या वाट्यांची बेरीज जुळत नसेल तर खरे कोणते मानायचे? संगणकीकृत सातबाऱ्यातल्या चुका निस्तरण्यासाठी गावोगावी चावडीवाचन करावे लागले आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचे आदेश काढावे लागले ते अशाच गोष्टींपायी. कोड कितीही चोख लिहिला तरी खान्याचा अर्थच चुकला असेल तर पुढचे सगळे चुकीचे, आणि तेही अतिशय वेगाने.

नावांचेही तसेच. परदेशी सॉफ्टवेअरची नक्कल करून आपण पहिले, मधले, शेवटचे असे तीन खाने पाडतो. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांसाठी शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम ठरवला. झाले, तीन खाने अपुरे पडले. ज्याने ‘मधले नाव’ म्हणजे वडील असे गृहीत धरून अहवाल लिहिले त्याची पंचाईत झाली. दिपक आणि दीपक एकच की दोन, हा पुन्हा वेगळाच विषय. त्यावर अख्खा दिवाळी अंक निघेल.

ओळख पटवण्यासाठी कोणता क्रमांक घ्यावा यावर एक ठाम मत देतो: मोबाइल नंबर, पॅन किंवा आधार यांना प्रायमरी की (नोंदीची मुख्य ओळख) करू नये. मोबाइल बदलतो, एकाच घरात वापरला जातो. आधारचे बारा आकडे असतात, त्यातला शेवटचा तपासणीचा. त्यामुळे टायपिंगची चूक पकडता येते, पण दुसऱ्याच माणसाचा खरा क्रमांक घातला तर तपासणी गप्प बसते. २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीच्या वेळी एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे असल्याच्या बातम्या आल्या होत्या. स्वतःचा निरर्थक क्रमांक द्यावा, बाकीचे सगळे खाने ‘माहिती’ म्हणून ठेवावेत आणि दुबार नोंद होऊ नये हे बंधन डेटाबेसमध्येच घालावे. ते स्क्रीनवरच्या प्रोग्राममध्ये ठेवले तर उद्या दुसरा प्रोग्राम मागच्या दाराने आत शिरतो.

खाना किती मोठा, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये कामाचे नियोजन करणारी बेसकॅम्प ही सेवा कित्येक तास नुसती वाचण्यापुरतीच चालू राहिली, कारण एका तक्त्यातला क्रमांक २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेला टेकला. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडात कोविडचे १५,८४१ रुग्ण सरकारी आकड्यांतून गळाले. जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत, हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. आणि बॅकअप चालतो हेही गृहीत धरू नये. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबमध्ये जानेवारी २०१७ च्या अखेरीस एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला, तेव्हा बॅकअपच्या एकामागून एक पद्धती निकामी निघाल्या. त्यांनी ते जगासमोर उघडपणे मांडले, याचे मला कौतुक वाटते.

तक्त्यांशिवाय माहिती ठेवणाऱ्या नोएसक्यूएलची लाट २००९ च्या सुमारास आली, तेव्हा तक्त्यांचे दिवस भरले असे बोलले जाई. गूगल आणि ॲमेझॉन यांच्या गरजा खऱ्या होत्या. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराच्या नव्हत्या. एवढेच पुरे.

आता माणसांकडे वळू. प्रोग्रामर कसा निवडावा हा प्रश्न प्रोग्रामरांइतकाच जुना आहे. १९५० च्या दशकात आयबीएमने कल चाचणी काढली, आकडे आणि आकृत्यांची कोडी असलेली. ती चांगली सोडवणारा पुढे चांगला प्रोग्रामर होतो हे काही नीट सिद्ध झाले नाही, पण चाचणी फोफावली. १९६६ साली कॅनन आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांनी सुमारे १४०० प्रोग्रामर तपासून निष्कर्ष काढला की त्यांना कोडी आवडतात आणि माणसांत रस नसतो. झाले, तशीच माणसे घ्यायची असे ठरले! १९६८ सालच्या सॅकमन यांच्या अभ्यासात चुका शोधायला लागणाऱ्या वेळात २८ पटींचा फरक दिसला. डझनभर अनुभवी प्रोग्रामरांवरचा हा प्रयोग मुळात वेगळ्याच प्रश्नासाठी होता आणि त्या तुलनेवर पुढे रास्त आक्षेपही आले. तरी ‘दहापट प्रोग्रामर’ ही दंतकथा तिथूनच बळावली. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळप्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ साली जाहीर सांगितले की डोके खाजवायला लावणारी कोडी निवडीसाठी कुचकामी ठरली. आपल्याकडे ती अजून विचारली जातात.

आपल्याकडचा पेच आणखी वेगळा आहे. मोठ्या सेवा कंपन्यांनी पदवीधरांना घाऊक भरले, फ्रेशरचा पगार दशकभर तीन-चार लाखांच्या आसपास ठेवला आणि प्रशिक्षण देऊन कुठल्या तरी प्रोजेक्टवर बसवले. तिथे टेबले आधीच ठरलेली असत. त्यात खाना वाढवायचा तर अमेरिकेतून मंजुरी. अशी पाच-सहा वर्षे काढलेल्या मुलाने स्वतः एकही तक्ता आखलेला नसतो, पण बायोडेटात पाच डेटाबेसांची नावे असतात. यात त्याचा काय दोष? पूर्वी डेटाबेसचा वेगळा जाणकार असे, तो रचनेवर खेकसे तरी. क्लाउड आल्यावर ती जागा बऱ्याच ठिकाणी गेली, आणि ओआरएम नावाच्या साधनांमुळे तक्ते आपोआप बनू लागले. ते कसे बनले हे कुणी उघडून पाहत नाही.

त्यात नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड. तीन महिन्यांत उमेदवार हातातले ऑफर लेटर दाखवून आणखी दोन मिळवतो आणि रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद. २०२२ च्या मार्चअखेर इन्फोसिससारख्या कंपनीत नोकरी सोडणाऱ्यांचे वार्षिक प्रमाण २७.७ टक्के होते. मग वारे फिरले आणि जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. उमेदवार दगाबाज म्हणणाऱ्यांनी हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. २०१७ साली ॲस्पायरिंग माइंड्सने देशातले ९५ टक्के इंजिनिअर सॉफ्टवेअर घडवण्याच्या कामाला लायक नाहीत असा दावा केला आणि गदारोळ उठला. ही कंपनी चाचण्या विकणारी होती, तेव्हा तो दावा जपूनच घ्यावा. पण कंपन्यांनी तरी लायकी म्हणजे काय हे कुठे ठरवले होते?

२०२२ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्वेरी लिहून देऊ लागली आहेत, आणि चांगली देतात. तक्ते सुद्धा सुचवतात. १.२० म्हणजे दीड एकर हे मात्र त्यांना कुणीतरी सांगावे लागते, आणि सांगायला आधी कुणालातरी संशय यावा लागतो.

निवडीवरच्या संशोधनाचा ताजा कल, २०२२ चे मानसशास्त्रज्ञ सॅकेट यांचे पुनर्विश्लेषण धरून, असा आहे की सर्वांना तेच प्रश्न विचारणारी आखीव मुलाखत आणि प्रत्यक्ष कामाशी निगडित परीक्षा या गोष्टी वरच्या क्रमांकावर येतात. मग सोपे आहे. उमेदवारापुढे एक सातबारा, त्याचा आठ-अ आणि दोन-तीन फेरफार ठेवावेत. तासभर द्यावा. तक्ते आखायला सांगावेत. मग म्हणावे, खातेदार वारला, मागे दोन मुले आणि एक मुलगी. वारसनोंद करून दाखव, कुठल्या ओळी बदलतील? नंतर मुलीने हक्कसोडपत्र केले. आता २०१५ साली या जमिनीवर कुणाची नावे होती ते काढून दाखव. मुंबईत वाढलेल्या मुलीने सातबारा कधी पाहिला नसेल तर उत्तमच. ती ‘ए.कु.मॅ. म्हणजे काय?’ असे विचारते की गुपचूप एक खाना पाडून मोकळी होते, एवढ्यावरून पुष्कळ कळते. विचारणारीला घ्यावे. तिला इंडेक्स कसा लावतात हे महिन्यात शिकवता येईल.

सराव हवा असलेल्या विद्यार्थ्यांनीही कुणी शिकवायची वाट पाहू नये. घरातली जमीन, सोसायटीचे मेंटेनन्स, दूध डेअरीचे पंधरवड्याचे बिल, काहीही घ्यावे आणि कागदावर तक्ते आखावेत. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो. कंपन्यांनी पुढच्या भरतीआधी एक विकत घ्यावा आणि मुलाखत घेणाऱ्यांनी तो आधी स्वतः सोडवून पाहावा.