इंजिनाची टिकटिक

मोटारसायकलचे इंजिन उघडले, झिजलेल्या झडपा आणि रॉकर बदलले, सर्व काही पुन्हा बसवले, किक मारली. आणि पूर्वी कधी नव्हती अशी 'टिक्-टिक्-टिक्' ऐकू येऊ लागली! पुण्याच्या नाना पेठेत, जिथे दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने आणि गॅरेजे दाटीने उभी आहेत, तिथे अशी तक्रार नवी नाही. गिऱ्हाईक म्हणते, "नवा भागच खराब निघाला." मिस्त्री म्हणतो, "चालवा चार दिवस, बसेल आपोआप." दोघांपैकी कोणाचे खरे? हे ठरवायला शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान बरेचसे पुरते, हे आज आपण पाहू.

जुन्या पुणेकर स्कूटरवाल्याला ही टिकटिक फारशी माहीत नव्हती. १९७२ साली बाजारात आलेली चेतक स्कूटर टू-स्ट्रोक इंजिनाची होती. त्या इंजिनात अशा झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या दट्ट्याच वरखाली होताना झाकतो आणि उघडतो. उलट, १९४६ साली खडकीला सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या कारखान्यातून जी डिझेल इंजिने शेतावरच्या पंपांना जोडली गेली, ती फोर-स्ट्रोक. त्यांच्या आवाजात रॉकरची टकटक मिसळलेली असे. आज रस्त्यावर फोर-स्ट्रोक दुचाकी सर्रास दिसतात, तेव्हा ही टिकटिक आता घरोघरी पोचली आहे म्हणायला हरकत नाही.

फोर-स्ट्रोक इंजिनात कॅमचा उंचवटा रॉकरला ढकलतो, रॉकर झडपेच्या दांड्यावर दाब देतो आणि झडप उघडते. कॅम पुढे सरकला की स्प्रिंग झडपेला परत तिच्या आसनावर बसवते. झडप बंद असताना रॉकर आणि दांडा यांच्यामध्ये मुद्दाम एक बारीक फट ठेवलेली असते. मिस्त्री लोक तिला टॅपेटचा गॅप म्हणतात. काही छोट्या मोटारसायकलींत ती अवघी ०.०५ मिलिमीटर असते, म्हणजे जवळजवळ बारीक केसाच्या जाडीची.

फट कशासाठी? उष्णतेने होणाऱ्या प्रसरणासाठी. पोलादाची लांबी तापमान एक अंश सेल्सिअस वाढले की लाखात सुमारे १.२ भागांनी वाढते. झडप ८० मिलिमीटर लांब आणि तिचे सरासरी तापमान ३०० अंशांनी वाढले असे धरा. गुणाकार करून पाहा, वाढ सुमारे ०.२९ मिलिमीटर येईल. अर्थात सिलिंडर आणि त्यावरचे हेडही तापून वाढतात, त्यामुळे ही सगळी वाढ फटीच्या वाट्याला येत नाही. किती येते हे इंजिनाच्या रचनेवर अवलंबून असते. म्हणूनच फटीचा आकडा कारखान्याने दिलेलाच घ्यायचा आणि ती बहुधा थंड इंजिनावर मोजायची. गरम इंजिनावर घाईने मोजणाऱ्याचा आकडा चुकतो.

आता आवाजाकडे वळू. फट जास्त झाली की रॉकर हवेत थोडा मोकळा फिरतो आणि मग झडपेच्या दांड्यावर आपटतो. ही आपट किती वेळा होईल? कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन उभ्या जागी मिनिटाला १,४०० फेरे घेत असेल, तर कॅमचे ७०० फेरे होतात. म्हणजे एक सैल झडप सेकंदाला सुमारे १२ वेळा टिक करील. कानाने एवढे मोजता येत नाही. परंतु मोबाइलवर आवाज मुद्रित करून त्याचा आलेख पडद्यावर पाहिला, तर ठोक्यांमधले अंतर मोजता येते. ते ८६ मिलिसेकंदांच्या आसपास निघाले, तर आवाज कॅमच्या तालावरचा आहे. त्याच्या निम्मे, म्हणजे ४३ निघाले, तर ठोका क्रँकच्या दर फेऱ्याला पडतो आहे आणि संशयित खाली, दट्ट्या-कनेक्टिंग रॉडच्या बाजूला शोधायला हवा. दोन्ही झडपा सैल असल्या तर मात्र गोंधळ होईल. पण त्यांचे ठोके समान अंतरावर पडत नाहीत, एक जोडी जवळ आणि मग मोठी खंड, असा लंगडा ताल दिसतो.

एवढ्याने गुन्हेगार सापडला असे समजू नका. काम करताना सायलेन्सरचा पाइप काढून पुन्हा जोडलेला असतो. तिथले गॅस्केट नीट बसले नाही, तर धूर फटीतून फुस्सकन बाहेर पडतो आणि तो आवाजही हुबेहूब टिकटिकीसारखा येतो. एका सिलिंडरच्या इंजिनात तोही दर दोन फेऱ्यांना एकदाच होतो, म्हणजे ताल अगदी तोच! दोघांना वेगळे कसे करायचे?

इथे मिस्त्रींची एक जुनी युक्ती कामी येते. ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानापाशी दाबून धरतात. पोलादातून हवेत जाताना ध्वनीची ऊर्जा सीमेवरच परावर्तित होते. दहा हजारांतला एक भागही पलीकडे जात नाही. धातूची सळई कानाजवळच्या हाडाला टेकवली की ही सीमा टळते. टिकटिक रॉकरची असेल, तर झाकणावर सळई ठेवताच ती खणखणीत ऐकू येईल. धुराची गळती असेल, तर आवाज धातूत नव्हे, हवेतच जन्मतो. तिथे सळईपेक्षा रबरी नळी बरी: एक टोक कानाशी, दुसरे जोडाच्या आसपास फिरवायचे. घरी करून पाहायचे असेल तर गजराचे घड्याळ लाकडी टेबलाच्या एका टोकाला ठेवा आणि दुसऱ्या टोकाला कान टेकवा. (चालत्या इंजिनावरचा प्रयोग मात्र मिस्त्री किंवा शिक्षक शेजारी असतानाच, उघड्या जागेत, आणि तापलेल्या पाइपापासून हात दूर ठेवून.)

टिकटिक रॉकरचीच ठरली, तर नव्या भागाला दोष देण्याआधी एक गोष्ट तपासावी. फट मोजताना दट्ट्या सर्वांत वर आणतात. पण चार स्ट्रोकच्या चक्रात तो दोनदा वर येतो: एकदा मिश्रण दाबून, एकदा धूर बाहेर ढकलून. फ्लायव्हीलवरची खूण दोन्ही वेळा जुळते! दुसऱ्या वेळी झडपा किंचित उघड्या असतात. त्या स्थितीत फट लावली, तर कॅम पुढे गेल्यावर खरी फट कितीतरी पट मोठी होते आणि इंजिन जोरात टिकटिकते. माझ्या मते अशा तक्रारींत सर्वप्रथम हेच पाहावे. एक पूर्ण फेरा फिरवून पुन्हा मोजले की झाले, खर्च शून्य.

पुष्कळ मोटारगाड्यांत फट लावावीच लागत नाही. तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेट ती आपोआप भरून काढतात. नवे टॅपेट बसवल्यावर त्यांत हवा अडकलेली असते. तेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र हजारो पट सहज दबते. म्हणून हवा निघून जाईपर्यंत काही मिनिटे टिकटिक होते. इथे "बसेल आपोआप" म्हणणारा मिस्त्री बरोबर. मात्र तेलाचा दिवा लागलेला असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

उरला उलट प्रकार, आणि तो जास्त घातक. आवाज नको म्हणून कोणी फट फारच कमी केली, तर टिकटिक थांबते, गिऱ्हाईक खूश होते. पण गरम झाल्यावर झडप पूर्ण बंद होत नाही. एक्झॉस्ट झडप आपली बहुतांश उष्णता आसनावर टेकलेली असतानाच त्याला देते. टेकलीच नाही, तर ती थंड कशी होणार? तिच्या कडेवरून तप्त वायू निसटतो आणि कडा जळते. सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षांत तर कोणी हात न लावताही असे घडू शकते. हा वायू कोरडा असल्याने आसन जास्त झिजते, झडप आत रुतते, तिचा दांडा रॉकरच्या दिशेने वर सरकतो आणि फट हळूहळू नाहीशी होते. म्हणजे रिक्षा दिवसेंदिवस शांत होत जाते! मग एके दिवशी गरम इंजिन सुरू व्हायला कुरकुरते, चढावर ताकद पडत नाही, आणि हेडचे काम निघते. कामाचा खर्च वेगळा आणि रिक्षा उभी राहिल्याने बुडालेली कमाई वेगळी. ठरलेल्या अंतराने थंड इंजिनावर फीलर गेजची पाती सरकवून पाहणे, हे काही मिनिटांचे काम आहे. योग्य जाडीची पाती किंचित अडखळत सरकते. ती आत शिरतच नसेल, तर फट कमी झाली आहे.