निळी-पांढरी चिनी भांडी : अंकनाचे प्रामाण्य

निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्याचा तळ प्रथम पाहावा, हा संग्राहकांचा जुना परिपाठ होय. तळावर, बहुधा दुहेरी वर्तुळात, कोबाल्टच्या निळ्या रंगाने सहा अक्षरे लिहिलेली आढळतात. ती वरून खाली व उजवीकडून डावीकडे वाचावयाची असतात. ‘महान मिंग वंशाच्या श्वानदे काळात निर्मित’ हा अशा अंकनाचा एक नमुना. चार अक्षरी अंकनात बहुधा राजवंशाचा उल्लेख गाळलेला असतो. हे लेखन झिलईखाली, भांडे भाजण्यापूर्वीच झालेले असते. अर्थात अक्षरे भांड्याइतकी जुनी असतात; परंतु भांडे अक्षरांत सांगितल्याइतके जुने असेलच असे नव्हे.

कांगशी सम्राटाच्या काळात (इ. स. १६६२–१७२२) जिंगदेझेन येथील कारागिरांनी श्वानदे (१४२६–३५) आणि चेंगह्वा (१४६५–८७) या काळांची नावे आपल्या भांड्यांवर सर्रास लिहिली. १६७७ मध्ये तेथील अधिकाऱ्याने विद्यमान सम्राटाचे नाव भांड्यांवर घालण्यास मनाई केली. भांडे फुटल्यास त्या नावाची विटंबना होईल, असे त्याचे कारण सांगितले जाते. मग कोठे वर्तुळ रिकामे राहिले, कोठे त्यात एखादे पान आले, तर कोठे जुन्या सम्राटाचे नाव. हे सर्व कपट म्हणता येत नाही; पूर्वसूरींच्या कौशल्याविषयीचा आदरही त्यात आहे. पुढे एकोणिसाव्या शतकातील भांड्यांवर खुद्द कांगशीचे नाव आले.

म्हणून काळ ठरविताना पायाची कड, माती, झिलई आणि कुंचल्याचा हात यांची साक्ष घ्यावी लागते. पंधराव्या शतकाच्या आरंभीच्या निळ्या रंगात लोहयुक्त कोबाल्टमुळे काळसर ठिपके आपोआप उमटत. अठराव्या शतकातील अनुकरणांत ते कुंचल्याने मुद्दाम दिलेले दिसतात.

लेख विश्वसनीय ठरतो तोही अशाच तुलनेने. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ‘डेव्हिड’ कलशांच्या मानेवर १३५१ या वर्षाशी जुळणारी तिथी आहे. हॉब्सन यांनी १९२९ मध्ये तिच्याकडे लक्ष वेधले. तथापि १९५२ मध्ये पोप यांनी इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहातील भांड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केल्यावरच तिचे महत्त्व पूर्णपणे प्रस्थापित झाले.

पोथीचा नकलकारही कधी मूळ प्रतीची पुष्पिका शकासह उतरून घेतो. अशा ठिकाणी शक खोटा नसतो. तो दुसऱ्या प्रतीचा असतो. भांड्यावरील अंकनही प्रथम परंपरेचे विधान म्हणून वाचावे. कालनिर्णयाचा पुरावा म्हणून त्याचा स्वीकार इतर साक्षी जुळल्यावरच करावा.