वणव्यात घर जळाले तर मदत कशी मिळते?

ताम्हिणी परिसरात पावसाळा धो धो असतो. पण फेब्रुवारी ते मे या महिन्यांत डोंगरउतारावरचे गवत वाळते आणि एका ठिणगीने वणवा पेटतो. कारवीच्या कुडाची, गवताने शाकारलेली घरे आणि गोठे अशा वेळी सर्वांत आधी सापडतात.

आग ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी अधिसूचित आपत्ती आहे. केंद्राच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या घराला सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार रुपये आहेत. झोपडीला मात्र 8 हजार आणि गोठ्याला 3 हजार. त्यामुळे पंचनाम्यात ‘कच्चे घर’ लिहिले की ‘झोपडी’, हे जरूर वाचून घ्या. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, जळालेल्या भागाचे फोटो काढा आणि पौडच्या तहसील कार्यालयात अर्ज द्या. कातकरी कुटुंबांनी पीएम-जनमन योजनेतील 2 लाखांच्या घरकुलाचीही चौकशी करावी.

नवे घर बांधताना जाड भिंती, कौलारू छप्पर, रुंद पडवी आणि समोरासमोर खिडक्या ठेवल्या, तर ते उन्हाळ्यात गार राहते, विजेची बचत होते आणि आगीतही अधिक टिकते. छतावरील सौर संचासाठी पीएम सूर्यघर योजनेत 78 हजारांपर्यंत अनुदान मिळते.

घराभोवतीचे वाळके गवत उन्हाळ्यापूर्वीच काढा. वणवा दिसताच वन विभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. घर वाचवणे हे कोणत्याही भरपाईपेक्षा मोलाचे आहे.