निळ्या प्रकाशाची करामत

दाढेला कीड लागली, की ठणका सुरू होतो आणि दातांच्या डॉक्टरांकडे जावेच लागते. डॉक्टर किडलेला भाग कोरून काढतात. मग दाढेत खड्डा राहतो. तो बुजवला नाही, तर त्यात अन्नाचे कण अडकतात आणि कीड आणखी खोल जाते.

पूर्वी हा खड्डा बहुधा 'चांदी'ने भरत. ही नुसती चांदी नव्हे. चांदी, कथील आणि तांबे यांच्या भुकटीत पारा मिसळून तो लगदा तयार करीत. तो पुष्कळ वर्षे टिके. पण काळसर दिसे. समोरच्या दातात तो कोण भरून घेणार? म्हणून दाताच्या रंगाच्या पदार्थाचा शोध सुरू झाला. अमेरिकेतील बोवेन या शास्त्रज्ञाला १९६२ साली अशा एका राळेचे पेटंट मिळाले. या राळेत काचेसारखी अतिशय बारीक पूड मिसळलेली असते.

सुरुवातीला दोन लगदे एकमेकांत मिसळावे लागत. मिसळले, की ते लगेच घट्ट होऊ लागत. त्यामुळे डॉक्टरांची फार घाई होई. आता तसे नाही. प्रकाश पाडेपर्यंत राळ मऊच राहते. डॉक्टर ती सावकाश बसवतात, तिला दाढेसारखा आकार देतात आणि मग निळा दिवा लावतात. सुमारे वीस सेकंदांत ती कडक होते!

पुष्कळांना वाटते, की दिव्याच्या उष्णतेने राळ वाळते. तसे मुळीच नाही. राळेत कॅम्फोरक्विनोन नावाचा पिवळा पदार्थ थोडासा घातलेला असतो. तो कापरापासून तयार करता येतो. कापूर म्हणजे तुमच्या उर्दूतला काफूर! हा पदार्थ निळा प्रकाश शोषून घेतो. त्यामुळे राळेचे सुटे सुटे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचे घट्ट जाळे तयार होते.

येथेच खरी काळजी घ्यावी लागते. विहिरीत खोल जावे तसा उजेड कमी होतो. राळेतही तसेच घडते. जाड थर एकदम भरला, तर वरची बाजू दगडासारखी होते आणि तळ कच्चाच राहतो. वरून पाहून हे कळत नाही. पुढे भरलेला भाग सैल होतो आणि त्याच्याखाली पुन्हा कीड लागते. म्हणून साधारणपणे दोन मिलिमीटरचा एक थर, मग प्रकाश. पुन्हा थर, पुन्हा प्रकाश, असे काम चालते. दिवा थोडा दूर गेला किंवा तिरपा झाला, तरी प्रकाश कमी पडतो. आपल्याला कंटाळा येतो, जबडा दुखतो. पण त्या वीस सेकंदांत डोके हलवून चालत नाही.

दिव्याला नारिंगी काच कशासाठी असते? ती निळा प्रकाश अडवते. हा प्रखर प्रकाश डोळ्यांना अपाय करतो. डॉक्टर त्या काचेतून पाहतात. आपण डोळे मिटून घ्यावेत.

शेवटी डॉक्टर एक रंगीत कागद चावायला देतात. जेथे रंग जास्त उमटतो, तेवढा उंच भाग ते घासून टाकतात. राळ तेव्हाच कडक झालेली असते. मात्र भुलीचे इंजेक्शन दिले असेल, तर बधिरपणा जाईपर्यंत काही चावून खाऊ नये. नाहीतर घासाबरोबर आपलाच गाल चावला जातो, आणि ते तेव्हा कळतही नाही!