नव्या लॅपटॉपचा स्वभाव आणि दोष

शाळेत नवा लॅपटॉप येतो, डेडस्टॉक नोंदवहीत त्याची नोंद होते, आणि आनंदाबरोबर शिक्षकाच्या मनात एक धास्तीही शिरते. वस्तू सार्वजनिक, किंमत मोठी. बिघाड झाल्यास जाब आपणांसच द्यावा लागणार! मग यंत्राचा प्रत्येक बारीक आवाज दोष भासू लागतो आणि पुष्कळदा ते यंत्र कपाटात कुलूपबंद होऊन पडते. मुलांचे हे नुकसान खऱ्या बिघाडाहून कमी नव्हे. याकरिता यंत्राचा स्वभाव कोणता व दोष कोणता, हे शिक्षकास ओळखता येणे अगत्याचे आहे.

पहिली शंका साठवणक्षमतेची. खोक्यावर ५१२ जीबी छापलेले असते, विंडोजमध्ये मात्र ४७६ च दिसतात. यात फसवणूक नाही. उत्पादक १०० कोटी बाइटांना एक जीबी म्हणतो. विंडोज सुमारे १०७ कोटी ३७ लाख बाइटांना. एकच अंतर मैलांत कमी व किलोमीटरांत जास्त भरते, तसाच हा प्रकार होय.

दुसरी शंका आवाजाची व उष्णतेची. पहिले काही दिवस यंत्र आतल्या आत नवे बदल उतरवून घेत असते. त्यामुळे हाती काम नसतानाही ते तापते व पंखा जोराने फिरतो. कधी कान जवळ नेल्यास बारीक किणकिण ऐकू येते. आतील तारांची वेटोळी बदलत्या विद्युत्प्रवाहाने कंप पावतात, त्याचा तो ध्वनी. त्याने अपाय होत नाही.

पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असल्यास त्यांतील एखादा न उजळणे शक्य असते. असा ठिपका रोगासारखा पसरत नाही. बॅटरी ८० टक्क्यांवर भरायची थांबते, तीही बहुधा मुद्दाम केलेली योजना असते. सतत पूर्ण भरलेली व तापलेली लिथियम बॅटरी लवकर जीर्ण होते.

धातूच्या कवचावर हात फिरविताना येणाऱ्या मुंग्यांचा विचार मात्र निराळा. चार्जरमधील गाळणीतून अत्यल्प प्रवाह कवचापर्यंत येतो. चार्जर तीन पिनांचा असल्यास अर्थिंग त्याला जमिनीत नेते. अर्थिंग नसल्यास तो हातास जाणवतो. अशा वेळी लॅपटॉपला दोष न देता शाळेचे अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. ते होईपर्यंत मुलांना चार्जर लावलेल्या यंत्रास हात लावू देऊ नये. प्रत्यक्ष झटका बसल्यास भिंतीवरचे बटण तत्काळ बंद करावे.

आता खरे दोष. टचपॅड वर उचलला जाणे, झाकण नीट न मिटणे, तळ फुगणे, ही बॅटरी फुगल्याची लक्षणे होत. असे यंत्र त्याच क्षणी बंद करावे. ते चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये, वर्गाबाहेर सुरक्षित जागी ठेवून दुरुस्ती केंद्रास कळवावे. जळका वास, वारंवार आपोआप बंद पडणे, पंखा मुळीच न फिरता यंत्र अतिशय तापणे, यांकडेही दुर्लक्ष करू नये.

पहिल्या आठवड्यातच प्रत्येक कळ, प्रत्येक खाच, कॅमेरा, ध्वनी व चार्जिंग तपासावे. यंत्राचा क्रमांक, पावतीची तारीख व हमीची मुदत वहीत टिपून ठेवावी. दोष आढळल्यास छायाचित्रासह लेखी तक्रार मुदतीत करावी. बदलून मिळण्याची मुदत पुष्कळदा हमीच्या मुदतीहून फारच थोडी असते, हे विसरू नये.

इतकी तपासणी झाल्यावर मात्र लॅपटॉप निःशंकपणे मुलांच्या हाती द्यावा. पाटी फुटेल म्हणून ती फडताळात ठेवणाऱ्या घरी मूल लिहायला शिकत नाही.