बोगदा आणि घड्याळ

घरचा राउटर हा एक छोटा संगणकच होय. गावच्या घरातील राउटरने ‘वायरगार्ड’च्या योगे शहरातील मुलाच्या घराशी बोगदा जोडला, की माहितीचा प्रत्येक तुकडा कुलूपबंद होऊन दुसऱ्या पाकिटात जातो, वाटेत फक्त बाहेरचा पत्ता दिसतो. २०२० साली ही सोय लिनक्सच्या गाभ्यात आली, म्हणून दुबळ्या यंत्रासही ती झेपते. खरी अडचण घड्याळाची! पुष्कळ राउटरांच्या घड्याळास बॅटरी नसते. वीज गेली की ते मागे जाते. पलीकडचे यंत्र मागील हाकेची वेळ ध्यानात ठेवते आणि त्याहून जुन्या वेळेची हाक कुणा भामट्याने केलेली नक्कल समजून नाकारते. त्यात वेळ विचारण्याची वाटही बोगद्यातूनच नेलेली असली, तर सारेच अडते. ती वाट बोगद्याबाहेरून ठेवावी, असे आम्ही सुचवितो.